कोटाच्या सिनेमातला अश्रू

ऑफिसात तिला सगळे झाडूताई म्हणत. खऱ्या झाडूशी तिचा संबंध घरी यायचा तेवढाच, आणि तोही ती शक्यतो नवऱ्यावर ढकलायची. जुन्या सिनेमांच्या रिळांवरची धूळ, ओरखडे, बुरशीचे ठिपके संगणकावर एकेक फ्रेम डोळ्यांखालून घालून पुसायचे, हे तिचं काम. टायरच्या दुकानाच्या वर त्यांचं तीन खोल्यांचं ऑफिस होतं. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर तिच्या टेबलावरच्या पेन्सिली टकटक करत कडेला सरकायच्या.

पलीकडच्या खोलीत रंगारी बसायचा. तिनं पुसून दिलेल्या काळ्या-पांढऱ्या सिनेमाला तो रंग द्यायचा. मग साहेब एका डब्यात दोन डिस्क घालून विकायचे, एक काळी-पांढरी, एक रंगीत. ज्याला जी आवडेल ती त्यानं बघावी, भांडण नको. भांडण व्हायचं ते झाडूताई आणि रंगाऱ्यात, पण गोडीगुलाबीचं.

"अरे, लोकांच्या सिनेमात मनाला येईल तो रंग भरायचा अधिकार तुला दिला कुणी?" ती विचारायची.

"ज्यानं तुला पुसायचा दिला त्यानंच," तो म्हणायचा, आणि कुणाच्या तरी टायला जांभळा रंग फासून मोकळा व्हायचा.

त्या वर्षी त्यांनी कोटाच्या सिनेमाची डिस्क काढली. त्याचं खरं नाव भलंमोठं होतं, पण लोक आपले कोटाचा सिनेमाच म्हणत. त्यातली नायिका टायपिस्ट. तिचं एका फिरत्या विक्रेत्याशी लग्न ठरलेलं. तो तोंडाचा इतका चालू, की पहिल्या भेटीत तिच्या ऑफिसातल्या शिपायालासुद्धा पंखा विकतो. सगळा सिनेमा दोघांच्या गमतीत आणि रुसव्याफुगव्यात जातो. शेवटी त्याला दूरच्या गावी मोठी नोकरी लागते. वर्षभरात परत येतो म्हणून तो गाडीत बसतो आणि ती फलाटावर एकटी उभी राहते. अंगात लांब कोट, डोक्यावर पांढरी लोकरी टोपी, गळ्यात पांढरा मफलर. तिचा चेहरा पडदाभर होतो आणि सिनेमा संपतो. रंगाऱ्यानं तो कोट लालभडक केला होता. त्याबद्दल झाडूताई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

डिस्क बाजारात गेली, बरी खपलीही, आणि मग खवट उगवला.

खवट हे जुन्या सिनेमांच्या शौकिनांच्या एका संकेतस्थळावरचं टोपणनाव. हा गृहस्थ बाजारात येणारी प्रत्येक डिस्क विकत घ्यायचा आणि प्रत्येकीची सालटी काढायचा. कोटाच्या सिनेमावर त्यानं लिहिलं, 'माणसं मेणाची झाली आहेत. आणि कहर म्हणजे, शेवटच्या दृश्यात नायिकेच्या गालावरून ओघळणारा अश्रू या महाभागांनी धूळ समजून पुसून टाकला आहे. ज्या अश्रूसाठी आम्ही हा सिनेमा जन्मभर पाहिला, तो नाही. डिस्कचं काय करू? चहाचा कप ठेवतो तिच्यावर.'

झाडूताईनं ते वाचलं आणि तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. मेणाची? फिल्मचे दाणे, म्हणजे चित्राचा तो मुळातला बारीक खरखरीत पोत, तिनं जिवापाड जपला होता. आणि अश्रू? अश्रू पुसायला ती काय आंधळी होती? पण मनात पाल चुकचुकलीच. ठिपके शोधणारा प्रोग्रॅम कधीकधी चकाकणारी गोष्ट कचरा समजून उडवतो, हे तिला माहीत होतं. मागे एकदा त्यानं एका नटाच्या शर्टाची बटणं खाल्ली होती.

एवढ्यावर खवट थांबला असता तर ठीक. त्यानं ऑफिसला तक्रारीचा मेलही ठोकला, खाली फोन नंबर आणि पत्त्यासकट. पत्ता गावातलाच निघाला.

"रविवारी जाऊन या," साहेब म्हणाले. "एक नवीन डिस्क हातावर ठेवा, गोड बोला, आणि तोंड बंद करा त्याचं."

रविवारी ती निघाली तेव्हा सासूबाई आधीच चपला घालून दारात उभ्या.

"आई, मी भांडायला चाललेय," झाडूताई म्हणाली.

"म्हणूनच येतेय. तुला भांडता येत नाही. तू मुद्द्याचं बोलतेस."

दार उघडलं ते पंचाहत्तरीच्या घरातल्या एका ताठ म्हाताऱ्यानं. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि या वयातही स्वतःचे सगळे दात. सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, तुम्ही ते दाताचे डॉक्टर ना? बाजाराच्या कोपऱ्यावरचे? माझी दाढ काढली होती तुम्ही."

"कुठली?"

"खालची, डावीकडची. फार दुखलं होतं."

"वाकडी मुळं असणार," डॉक्टर जराही न ओशाळता म्हणाले. "या, बसा."

भांडणाची सगळी तयारी त्या दाढेपायी दारातच बारगळली. डॉक्टरांची बैठकीची खोली म्हणजे सिनेमाचं गोदाम होतं. भिंतभर कॅसेटी, भिंतभर डिस्क, आणि मध्ये दाराएवढा टीव्ही. त्यांनी तावातावानं डिस्क लावली.

"बघा. तुम्हीच बघा. माणसं आहेत का मेणबत्त्या?"

झाडूताईनं पाहिलं आणि तिला हुंदकाच यायचा बाकी राहिला. काळ्या-पांढऱ्या सिनेमाला निळसर झाक आली होती, चेहरे साबणानं घासल्यासारखे गुळगुळीत होते, आणि माणसं चालत होती ती बर्फावरून घसरल्यासारखी.

"डॉक्टर, हा टीव्ही घेतल्यापासून तुम्ही त्याच्या सेटिंगला हात लावलाय?"

"छे! दुकानदारानं लावून दिलं तसंच आहे. उत्तम चित्र असतं म्हणाला."

"दुकानात गिऱ्हाईक लांबून ओढायला ठेवतात ते सेटिंग आहे हे. रिमोट द्या इकडे."

डॉक्टरांनी रिमोट दिला, तोही असा की जणू स्वतःची दाढ काढायला देतायत. तिनं चित्र चकाचक करणारं जे जे म्हणून काही त्या टीव्हीत होतं ते एकेक करून बंद केलं. निळेपणा गेला. मग चेहऱ्यांवर कातडी आली. नायिकेच्या नाकावरचे वांग दिसले, विक्रेत्याच्या कॉलरची शिवण दिसली, आणि सगळ्या चित्रावर तो बारीक, जिवंत, सळसळता दाणा आला.

डॉक्टर पुढे सरकून बसले. 

"हे सगळं डिस्कमध्ये होतं?"

"पहिल्यापासून. तुमचा टीव्ही पुसत होता."

"म्हणजे गेली काही वर्षं मी जे सगळ्यांना झोडपतोय..." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हते. "ठीक आहे. मेण माझं. पण अश्रू? त्याचं काय?"

त्यांनी एक जुनी कॅसेट काढली. पूर्वी कधीतरी टीव्हीवर सिनेमा लागला होता तेव्हा त्यांनी तो टेप केला होता. चित्र धुरकट, आवाज नाकातला. पण शेवटच्या दृश्यात नायिकेचा चेहरा मोठा झाला, आणि तिच्या गालावरून एक पांढरी रेघ थरथरत खाली उतरली. अश्रू होता. लख्ख होता.

"हाच!" सासूबाई एकदम म्हणाल्या. "अगं, हाच तो. मी म्हणतेच आहे, परवा तुझी डिस्क बघताना मला रडू कसं आलं नाही? मला वाटलं, वय झालं, आटलं असेल."

म्हणजे प्रोग्रॅमनं तो खाल्लाच, असं झाडूताईनं धरून टाकलं. डॉक्टर एका शब्दानंही 'बघा, मी म्हणत नव्हतो?' म्हणाले नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. ती कॅसेट मागून घेऊन घरी आली. सासूबाई सबंध रस्ताभर तिची समजूत काढत होत्या, ती अशी: "जाऊ दे गं. एक थेंबच तर होता."

सोमवारी तिनं सगळ्यात आधी मूळ स्कॅन उघडला. सिनेमाची मूळ निगेटिव्ह त्यांना मिळाली होती; तिच्यावरून थेट उतरवलेली, हातही न लावलेली ती प्रत. शेवटचं दृश्य काढलं. धुळीचे कण होते, एक केस होता, पण गाल कोरडा. तिनं मागे-पुढे करून पुन्हा पुन्हा पाहिलं. अश्रू नव्हताच. प्रोग्रॅमनं काही खाल्लंच नव्हतं.

"मग कॅसेटमध्ये आला कुठून?" ती रंगाऱ्याला म्हणाली.

ऑफिसातल्या अडगळीत कॅसेटचं यंत्र होतं. रंगाऱ्यानं त्याला दोन थपडा मारून चालू केलं, दृश्य संगणकात उतरवलं, आणि दोघं खुर्च्या जोडून एकेक फ्रेम पुढे करत बसली. नायिका गाडीकडे बघतेय, गालावर रेघ. अजून बघतेय, रेघ जराशी थरथरली. आता ती मान वळवते. गाल पडद्याच्या मधून बाजूला सरकतो.

रेघ जागची हलली नाही.

नायिकेच्या मागून एक हमाल चालला होता, काळी टोपी घातलेला. गाल बाजूला झाला तशी ती रेघ त्या हमालाच्या टोपीवर पडली, आणि तिथंही तशीच थरथरत ओघळत राहिली.

"हमालाच्या टोपीलाही रडू कोसळलंय," रंगारी म्हणाला.

आणि दोघं इतकी हसली, की साहेब आपल्या खोलीतून डोकावून गेले. तो ओरखडा होता. टीव्हीवाल्यांच्या झिजलेल्या प्रिंटवर वरपासून खालपर्यंत गेलेला साधा पांढरा ओरखडा. वर पांढरी टोपी, खाली पांढरा मफलर, मागे वाफेचे लोट. पांढऱ्यावर पांढरा दिसणार कसा? उठून दिसत होता तो फक्त गालावर. त्या एका प्रिंटवरून सिनेमा वर्षानुवर्षं टीव्हीवर लागला, आणि घरोघरी माणसांनी त्या ओरखड्यासाठी रुमाल भिजवले.

हसू ओसरल्यावर झाडूताई म्हणाली, "आता हे आईंना सांगायचं कुणी?"

सांगण्याआधीच दुसरा घोळ झाला. खवटचं वाचून आणखी पाच-पंचवीस लोकांनी ऑफिसला लिहिलं होतं: आमचा अश्रू कुठाय? साहेबांनी झाडूताई आणि रंगाऱ्याला बोलावलं. ओरखड्याची हकीगत त्यांनी मान हलवत ऐकली.

"छान. मग पुढच्या खेपेच्या डिस्कमध्ये घालून टाका अश्रू."

"अहो साहेब, तो नव्हताच!"

"लोकांना हवाय ना? काळ्या-पांढऱ्यात नको, तिथं तुमचं सोवळं सांभाळा. रंगीतमध्ये घाला."

"पण जे नाही ते कसं घालायचं?"

"ताई, कोट लाल केला तेव्हा कुणाला विचारलं होतं आपण?"

झाडूताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. रंगारी छताकडे बघू लागला. 

रंगाऱ्यानं दुपारपर्यंत अश्रू करून दिला. काम बाकी नामी होतं. डोळ्याच्या कडेला साठणारा, मग गालाच्या उतारावरून वाट काढत हनुवटीशी थबकणारा. मान वळली की तोही वळायचा. झाडूताईनं एका पडद्यावर अश्रूवालं दृश्य लावलं, शेजारच्या पडद्यावर कोरडं, आणि दोन्ही एकदम सुरू केली. खरा वाटतोय का, एवढंच तिला बघायचं होतं. बघता बघता ती थांबली.

आजवर तिनं या दृश्यात फक्त ठिपके शोधले होते. तोंडाकडे कधी लक्षच गेलं नव्हतं.

अश्रूवाली बाई दुःखी होती, यात शंका नाही. पण शेजारच्या पडद्यावरची, तीच, त्याच क्षणाची, कोरड्या गालांची बाई... झाडूताईनं रंगाऱ्याला हाक मारली.

"इकडे बघ. ही रडतेय?"

तो वाकला. "नाही. ही... काय करतेय ही?"

ठरेना. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच दिसतात. त्या म्हाताऱ्याला दाखवा. बोंब त्यानं मारली, निवाडाही त्यालाच करू दे."

पुढच्या रविवारी पुन्हा तिघं डॉक्टरांच्या बैठकीत जमली. या खेपेला सासूबाईंनी ठेवणीतली शाल काढली होती. का, ते झाडूताईनं विचारलं नाही.

तिनं आधी कॅसेटचं दृश्य सावकाश दाखवलं. मान वळली, रेघ टोपीवर गेली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पुन्हा दाखवा."

तिनं पुन्हा दाखवलं.

"म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "आपण ओरखड्यासाठी रडलो."

सासूबाई पडद्याकडेच बघत होत्या. झाडूताईला वाटलं, दुखावल्या. पण त्या विचार करत होत्या.

"मी पहिल्यांदा हा सिनेमा पाहिला ना," त्या हळूच म्हणाल्या, "तेव्हा ह्यांची बदली झाली होती दुसऱ्या गावी. घरात मी, दोन पोरं आणि सासू. सगळ्यांसमोर रडायची सोय नव्हती. मग ही बाई रडली, तिच्या आडून मीही रडून घेतलं. कुणी विचारलंच तर सिनेमा आहे म्हणायचं." त्यांनी शाल सारखी केली. "ओरखडा तर ओरखडा. माझं काम झालं होतं तेव्हा."

 मग झाडूताईनं दोन्ही नवी दृश्यं लावली. अश्रूवालं पाहून डॉक्टर म्हणाले, "सुंदर." मग कोरडं पाहिलं. ते उठले, टीव्हीजवळ गेले आणि वाकून नायिकेच्या तोंडात बघू लागले, म्हणजे अगदी 'आ करा' म्हणणार असे.

"खालचा ओठ बघा," ते म्हणाले. "आतून दातांखाली धरलाय. गालाचे स्नायू वर ओढलेत. अहो, हे तोंड मी रोज बघायचो! पेशंट खुर्चीत बसलेला असतो, घामाघूम. मी तपासून म्हणतो, काही नाही, काढायची गरज नाही, जा घरी. त्या क्षणी तो हेच तोंड करतो. हसू फुटतंय, पण डॉक्टरसमोर बरं दिसणार नाही म्हणून दाबलंय."

"म्हणजे ती..." झाडूताई म्हणाली.

"सुटली! ती बाई सुटलीये! तो गाडीत बसून गेला आणि हिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं."

"काहीतरीच काय!" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "लग्न ठरलंय त्यांचं."

"म्हणूनच तर."

"म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या बाजूनं रडले?"

"आपण दोघंही," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी दृश्य परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला त्यांचाच खालचा ओठ दातांखाली गेला.

"सारखा बोलायचा मेला," त्या पुटपुटल्या. "हिला एक वाक्य पुरं करू दिलं नाही कधी."

झाडूताईला एवढं पुरेसं होतं. सोमवारी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोट लाल केला तरी ती बाई तीच राहते. अश्रू घातला की बाई बदलते. मी नाही घालणार." भांडता येत नाही म्हणणाऱ्या सासूबाई तिथं असत्या तर त्यांनी पाठ थोपटली असती. साहेबांनी मात्र अर्धंच ऐकलं होतं. त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती.

"ती हमालाची टोपी," ते म्हणाले, "लोकांना दाखवली तर?"

आणि तसं झालं. पुढच्या डिस्कमध्ये सिनेमाच्या जोडीला एक छोटी फिल्म आली. तिच्यात आधी ओरखडा, मग टोपी, मग कोरडा गाल, आणि शेवटी दोन म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा. कॅमेऱ्यासमोर सासूबाई इतक्या बोलल्या, की रंगाऱ्याला त्यांचं निम्मं बोलणं कापावं लागलं, आणि ते का कापलं म्हणून त्यांनी त्याला नंतर फैलावर घेतलं. डॉक्टरांनी संकेतस्थळावर सगळा कबुलीजबाब लिहिला, टीव्हीच्या सेटिंगसकट. लोकांनी त्यांना दोन आठवडे धू धू धुतलं. कुणी लिहिलं, 'खवट आता नासला.' ते त्यांनी स्वतःच सासूबाईंना फोन करून वाचून दाखवलं, मोठ्या चवीनं.

नवीन डिस्क हातात आली त्या रविवारी डॉक्टर घरी आले. सिनेमा पहिल्यापासून बघायचा ठरला, कारण त्यांचा आणि सासूबाईंचा वाद पेटला होता. त्या टायपिस्टनं मनातून त्याला सोडलं नेमकं कधी? डॉक्टर म्हणत होते, पंखा विकला तेव्हाच. सासूबाई म्हणत होत्या, छे, तो तिच्या छत्रीखाली एकटाच कोरडा राहतो ना, तेव्हा.

"थांबा, आला, आला तो प्रसंग," डॉक्टर खुर्चीच्या कडेवर आले. "तिचे डोळे बघा."

"डोळे काय बघायचेत? हात बघा तिचे. टाइप करायची थांबलीये का? नाही थांबली. म्हणजे अजून प्रेम आहे."

"प्रेम असतं तर थांबली असती!"

"तुम्ही दात बघा तुमचे," सासूबाई म्हणाल्या, "बाईचं मन मला कळतं."

झाडूताई दोघांच्या मध्ये पाय वर घेऊन बसली होती. पडद्यावर विक्रेता शिपायाला पंख्याचे गुण सांगत होता आणि टायपिस्ट मान खाली घालून टकटक टाइप करत होती. तिला स्वतःला वाटत होतं की दोघांचंही चुकतंय, ते पुढे, जिन्यावरच्या प्रसंगात कुठेतरी घडतं. पण ते सांगायला अजून अवकाश होता. तिनं रिमोट उचलला आणि आवाज थोडा वाढवला, कारण या दोघांपुढे त्या बिचाऱ्या विक्रेत्याचंसुद्धा काही ऐकू येत नव्हतं.